खालचा दोरा

बॉबिन संपली हे मशीन सांगत नाही. सुई वर-खाली होत राहते, दाते कापड पुढे सरकवत राहतात, पायडलचा ताल मोडत नाही. वरचा दोरा कापडावर पडतानाही दिसतो. शिवणारी त्याच नादात वीतभर, कधी हातभर पुढे जाते. मग कापड उचललं की कळतं, शेवटच्या वीतभरात टीप नाहीच. सुईनं पाडलेली भोकांची रांग आहे आणि वर एक सुटा दोरा, चिमटीत धरून ओढला की सगळाच्या सगळा हातात येणारा.

हे मी पहिल्यांदा पाहिलं ते सुलतानपूरला, मावशीच्या ओसरीवर. सुलतानपूर म्हणजे बुलढाणा जिल्ह्याच्या लोणार तालुक्यातलं, मेहकर–सिंदखेड राजा रस्त्यावरचं गाव. सरोवर पाहायला निघालेल्या गाड्या इथून लोणारकडे वळतात. आजूबाजूला कापूस, तूर आणि आता सगळीकडे सोयाबीन. मावशीकडे काळं, सोनेरी नक्षीचं, पायानं चालवायचं मशीन होतं. जूनमध्ये शाळेचे गणवेश, दिवाळीला परकर-पोलकी, लग्नसराईत ब्लाऊज. सुट्टीत तिच्याकडे गेलं की मला काजं-बटणं आणि उसवण्याचं काम मिळे. एकदा ती चुलीकडे गेलेली पाहून मी मशीनवर बसले आणि गणवेशाच्या चड्डीची अख्खी बाजू खालच्या दोऱ्याशिवाय ‘शिवली’. मावशी रागावली नाही. तिनं बॉबिनची केस बाहेर काढली, रिकामी चकती माझ्या तळहातावर ठेवली आणि म्हणाली, “ही भर. मंग बाकीचं.”

मला प्रश्न पडला तो लहान पोरांना पडतोच. वर एवढं मोठं रीळ लावता येतं, तर खाली ही इवलीशी चकती कशाला? खालीही रीळच लावावं, म्हणजे सारखी भरायला नको.

तिनं तोंडानं उत्तर दिलं नाही. सुईच्या डावीकडची सरकती पत्री उघडली, मला खाली वाकायला लावलं आणि चाक हातानं, अगदी हळू, स्वतःकडे फिरवलं. सुई खाली उतरली. वर येऊ लागली तशी तिच्या बाजूला दोऱ्याची एक बारीक कमान उभी राहिली. शटलच्या टोकदार चोचीनं ती कमान उचलली, रुंद केली आणि केससकट सगळ्या बॉबिनवरून पलीकडे सरकवली. मग वरच्या दांडीनं दोरा खेचून घेतला आणि सगळं पुन्हा होतं तसं झालं.

“आता सांग,” मावशी म्हणाली, “खाली रीळ लावलं, तं हा फासा त्याच्या भवताल जाईन कसा?”

शिलाई मशीनचं सगळं मर्म या एका प्रश्नात आहे. ते समजलं की बॉबिन कशी भरायची, केसमध्ये कशी घालायची, गुंता का होतो, हे वेगळं पाठ करावं लागत नाही. म्हणून आधी थोडं त्या फाशाबद्दल.

हातानं शिवताना सुई कापडातून आरपार जाते आणि मागचा सगळा दोरा ओढून नेते. आपल्याकडची वाकळ अशीच शिवतात. धावदोऱ्याच्या रांगांवर रांगा, एकच दोरा, एकदा वर एकदा खाली. त्या सुईचं नेढं मागच्या टोकाला असतं. मशीनच्या सुईचं मागचं टोक दांड्यात पक्कं आवळलेलं असतं, ती पार जाऊच शकत नाही. म्हणून तिचं नेढं टोकाशी आणलेलं आहे. ती दोरा घेऊन कापडाखाली बुडी मारते आणि आल्या वाटेनं परत येते. आता दोराही तिच्याबरोबर आल्या वाटेनं परत यायचा, मग शिवण कसली? खाली कुणीतरी तो अडवून धरला पाहिजे.

अडवायच्या मुख्य तऱ्हा दोन. पहिली सोपी आणि जुनी. खाली आलेला फासा धरून ठेवायचा आणि पुढच्या वेळी येणारा फासा त्यातून ओवायचा. फ्रान्समध्ये बार्थेलमी तिमोनिए या शिंप्यानं १८३० मध्ये अशाच साखळी टाक्याच्या यंत्राचं पेटंट घेतलं होतं. हा टाका आपल्या गावात रोज दिसतो. सोयाबीनच्या बियाण्याचं किंवा खताचं पोतं उघडताना तोंडावरच्या दोऱ्याचं नेमकं टोक सापडलं की सर्रकन सगळी शिवण सुटते ना, तो हाच. एक फासा दुसऱ्याला धरून, दुसरा तिसऱ्याला. शेवटचा सोडला की सगळे सुटले. पोत्याला हे सोयीचं आहे, पोलक्याला नाही.

दुसरी तऱ्हा म्हणजे फाशातून एक वेगळाच दोरा ओवायचा. वरचा दोरा खाली येतो, खालचा त्यातून जातो, दोघं एकमेकांना अडकवतात आणि ती अडकण कापडाच्या जाडीत, वरूनही न दिसणारी आणि खालूनही न दिसणारी, अशी बसते. एक टाका तुटला तरी शेजारचे लगेच सुटत नाहीत. घरच्या मशीनचा टाका हा. पण फाशातून दोरा ओवायचा म्हणजे दोऱ्याचं मोकळं टोक त्यातून न्यायचं, किंवा तो दोरा ज्यावर गुंडाळला आहे ती सगळी वस्तूच फाशातून पार करायची. प्रत्येक टाक्याला मोकळं टोक कुठून आणणार? म्हणून दुसरी वाट. दोऱ्याचा अख्खा साठा, केससकट, दर टाक्याला वरच्या दोऱ्याच्या फाशातून पार होतो. साठा छोटाच हवा, त्याला पर्याय नाही. बॉबिन लहान ठेवण्यात बनवणाऱ्यांनी कुठे काटकसर केलेली नाही; टाका पक्का बसायचा तर ती लहानच लागते.

आपल्याकडच्या काळ्या मशीनला जी गोल बॉबिन लागते तिचा व्यास सुमारे २० मिलिमीटर आणि उंची १२ मिलिमीटरच्या आत-बाहेर. तिच्यावर नेहमीचा बारीक दोरा ढोबळमानानं ५० मीटर मावतो. जाड दोरा अर्थातच कमी. टाका अडीच मिलिमीटरचा धरला आणि कापडाची एकूण जाडी अर्धा मिलिमीटर, तर प्रत्येक टाक्याला खालचा दोरा साधारण तीन मिलिमीटर लागतो, अडीच लांबीचे आणि अर्धा कापडात चढण्या-उतरण्याचा. म्हणजे मीटरभर शिवणीला १.२ मीटर. एका बॉबिनमध्ये चाळीसेक मीटर शिवण. हेच जीनच्या दुमडीवर, जिथे जाडी दोन मिलिमीटर झाली, तिथे टाक्याला साडेचार मिलिमीटर दोरा जातो आणि तीच बॉबिन २८ मीटरच्या आसपास संपते. जाड कापड शिवताना ‘बॉबिन पुरत नाही’ असं बायका म्हणतात, त्यामागे हा हिशेब आहे.

आणखी एक हिशेब मला फार आवडतो. चाळीस मीटर शिवणीत टाके १६,०००. म्हणजे एक बॉबिन रिकामी होईपर्यंत वरच्या दोऱ्यानं तिला १६,००० वेळा वळसा घातला. प्रत्येक वळशाला सात-आठ सेंटिमीटर दोरा खाली ओढला जातो, पण खर्च होतो फक्त तीन मिलिमीटर. उरलेला पुन्हा वर. म्हणून वरच्या दोऱ्याचा प्रत्येक भाग कापडात बसण्याआधी वीस-पंचवीस वेळा तरी सुईच्या नेढ्यातून ये-जा करून आलेला असतो. दोरा जुना, विरलेला असला की तो तुटतो तो या घासण्यानं. खालच्या दोऱ्याला असला त्रास नाही. तो एकदाच बाहेर पडतो आणि जागेवर बसतो.

हा खालच्या दोऱ्याचा विचार आला कुठून? विणकराच्या मागावरून. एलायस हाव या अमेरिकन कारागिरानं १८४६ मध्ये टोकाशी नेढं असलेली सुई आणि खालून फिरणारा छोटा धोटा यांचं पेटंट घेतलं. त्याच्याही आधी, १८३० च्या दशकात, वॉल्टर हंट यानं असंच यंत्र बनवलं होतं, पण पेटंट घेतलं नाही. आयझॅक सिंगरचं यंत्र १८५१ चं, आणि नाव मोठं झालं ते त्याचं, जरी टाक्याच्या मूळ हक्कासाठी त्याला हावला पैसे मोजावे लागले. इंग्रजीत मागावरच्या धोट्याला जो शब्द आहे तोच शिलाई मशीनच्या त्या भागाला चिकटला आणि आपल्याकडे तो ‘शटल’ म्हणून तसाच उतरला. मराठीत धोटा शब्द तयार होता. येवल्याचा पैठणी विणणारा आजही धोटाच म्हणतो. त्या धोट्यात जी दोऱ्याची नळी बसते ती कांडी, आणि मागावर बसणाऱ्याच्या घरातलं कुणीतरी, बहुतेक वेळा बाई किंवा पोर, बाजूला बसून कांड्या भरत असतं. माग चालवणाऱ्याचं नाव होतं. कांड्या भरणाऱ्या हाताचं होत नाही. पण कांडी सैल भरली तर धोटा अडकतो आणि कापडाची कड बिघडते, हे विणकराला पक्कं ठाऊक असतं.

सुरुवातीच्या मशीनमधले धोटे खरोखर होडीसारखे लांबट होते आणि त्यांच्यात कांडीसारखीच लांब, बारीक बॉबिन बसे. जुन्या वाड्यांच्या माळ्यावर अशी मशीनं अजून सापडतात. त्यांच्या बॉबिन भरायच्या जागी बदामाच्या आकाराचं एक छोटं चाक असतं. ते फिरतं तसा दोरा आपोआप डावी-उजवीकडे सरकत सारखा गुंडाळला जातो. इतकी छान सोय नंतरच्या मशीनवर राहिली नाही, याचं मला नेहमी वाईट वाटतं. पुढे ॲलन विल्सन यानं १८५० च्या दशकाच्या सुरुवातीला गोल फिरणारी आकडी आणली. दोऱ्याचा साठा फाशातून इकडून तिकडे धाडण्याऐवजी साठा जागेवर ठेवायचा आणि फासाच त्याच्याभोवती फिरवायचा. मावशीच्या मशीनमधली चोच याच घराण्यातली, फक्त ती पूर्ण गोल फिरत नाही. अर्ध्या फेऱ्याहून थोडी जास्त पुढे जाते आणि परत येते. काळ्या मशीनचा तो ओळखीचा खटक-खटक आवाज या येण्या-जाण्याचाच आहे.

सिंगर एकोणिसाव्या शतकातच हिंदुस्थानात आलं. मुंबईहून त्याचा व्यापार नसरवानजी मेरवानजी पटेल या पारशी गृहस्थांनी वाढवला. कलकत्त्याच्या जय इंजिनिअरिंगनं १९३० च्या दशकात ‘उषा’ बाजारात आणली आणि लुधियाना सुट्या भागांचं मोठं केंद्र झालं. यंत्रांबद्दल इतका साशंक असलेल्या गांधीजींनीही १९२४ मधल्या एका संभाषणात शिलाई मशीनला अपवाद म्हणून बाजूला काढलं होतं. बायकोचे शिवून शिवून होणारे हाल पाहून माणसानं केलेलं यंत्र, असं त्याचं मोल ते सांगत. यात मला एवढंच महत्त्वाचं वाटतं, की मशीन घरात शिरलं आणि त्याबरोबर कांड्या भरणाऱ्या हाताचं कामही घरात आलं. शिवणारी आणि भरणारी आता एकच.

आता भरण्याकडे.

चाकाच्या मध्यभागी एक छोटी चकती असते. डाव्या हातानं मोठं चाक घट्ट धरायचं आणि ही चकती उजव्या हातानं आपल्याकडे फिरवून सैल करायची. आता पायडल मारलं तर चाक फिरेल, सुई हलणार नाही. पुष्कळ जणी हे करत नाहीत आणि बॉबिन भरताना सुई रिकामी नाचत राहते. कापड नसताना मशीनचा कापड दाबणारा पाय खाली असला तर दाते त्यावर घासतात, झिजतात. दोन सेकंदांचा आळस आहे, करू नये.

बॉबिन पूर्ण रिकामी हवी. आधीच्या रंगाचे चार वेढे राहिले असले तर ते काढा. त्यांच्यावर नवा दोरा भरला की तळाशी उंचवटा राहतो, आणि शेवटी शेवटी दोरा झटके खात सुटतो. रीळ खुंटीवर ठेवा. तिथून दोरा थेट बॉबिनला न्यायचा नाही. मशीनच्या पाट्यावर, उजवीकडे खाली, दोन छोट्या चकत्यांची एक जोडी असते. दोरा तिच्यातून गेला पाहिजे. ही जोडी दोऱ्याला किंचित ताण देते. ती चुकली तर बॉबिन भुसभुशीत भरते. दिसायला भरलेली, पण अंगठ्यानं दाबली तर दबते. अशा बॉबिनमध्ये वरचे वेढे खालच्यांत रुततात आणि शिवताना दोरा अडकतो, सुटतो, अडकतो. भरलेली बॉबिन दाबून पाहिली तर ती बाजरीच्या टणक कणसासारखी लागली पाहिजे.

दोऱ्याचं टोक बॉबिनच्या कडेच्या बारीक भोकातून आतून बाहेर काढा, बॉबिन खुंटीवर दाबून बसवा आणि भरणीची दांडी खाली दाबा, म्हणजे तिचं रबरी कडं चाकाला टेकेल. बाहेर काढलेलं टोक हातात धरून सावकाश पायडल मारा. सात-आठ वेढे झाले की थांबा आणि ते टोक बॉबिनच्या कडेला लागून कापून टाका. लोंबतं ठेवलं तर ते केसमध्ये कुठेतरी अडकणारच. मग पुढे चालू. रबरी कडं झिजलं असलं तर ते घसरतं, बॉबिन फिरत नाही किंवा रडतखडत फिरते. मेहकर-लोणारच्या दुकानात ते चार पैशांत मिळतं. मावशी सायकलच्या जुन्या ट्यूबचं कडं कापून लावायची आणि ते वर्षभर चाले.

पायडलचा वेग हा भाग मला थोडा सविस्तर सांगावासा वाटतो, कारण इथे आताच्या दोऱ्यानं गोष्ट बदलली आहे. पूर्वी शिलाईचा दोरा सुती असे. वऱ्हाडच्या कापसाच्या प्रदेशात ते स्वाभाविकच होतं. कापूस घेऊन जाण्यासाठीच तर १८७० मध्ये खामगावला रेल्वेचा फाटा आला. सुती दोरा फारसा ताणला जात नाही. आजचा पॉलिस्टर ताणला जातो आणि सोडला की परत आखडतो. बॉबिन भरधाव भरली की दोरा ताणलेल्या अवस्थेतच गुंडाळला जातो. त्याच अवस्थेत तो शिवणीत बसतो आणि मग कापडात सावकाश आखडतो. ब्लाऊज शिवताना शिवण सरळ होती, घडी घालून ठेवली, दुसऱ्या दिवशी पाहिलं तर शिवणीवर बारीक चुण्या. बाई बिचारी इस्त्री करून थकते, कापडाला दोष देते. चुण्या कापडामुळे नसतात, आदल्या दिवशी घाईत भरलेल्या बॉबिनमुळे असतात. पातळ कापडावर तर हे फारच दिसतं. बॉबिन मध्यम, एकसारख्या गतीनं भरावी.

भरताना दोरा एकाच बाजूला डोंगरासारखा चढू लागला तर बोटानं ढकलत बसू नका. ताण देणारी ती चकत्यांची जोडी एका स्क्रूनं बसवलेली असते. तो सैल करून जोडी किंचित डावी-उजवीकडे सरकवली की दोरा मधोमध पडतो. हे एकदा केलं की पुन्हा वर्षानुवर्षं करावं लागत नाही. आणि बॉबिन काठोकाठ भरू नये. कडेपासून दोऱ्याच्या दोन-चार जाड्या मोकळ्या राहाव्यात. शिगोशीग भरलेली बॉबिन केसमध्ये घासते, मोकळी फिरत नाही, आणि सगळा लोभ फुकट जातो. भरून झाली की दांडी उचला आणि चाकाची चकती पुन्हा घट्ट करायला विसरू नका. ‘मशीन बिघडलं, चाक फिरतं पण सुई हलत नाही’ म्हणून जी हाक येते, तिच्यामागे कितीदा तरी फक्त हा विसर असतो.

आता केस. डाव्या हातात केस उघड्या तोंडानं आपल्याकडे धरा, उजव्या हातानं बॉबिन आत टाका आणि दोरा कडेच्या फटीत घालून सपाट पोलादी पट्टीखालून ओढा, तिच्या टोकाशी असलेल्या खाचेतून बाहेर येईपर्यंत. बॉबिन कोणत्या बाजूनं घालायची? या प्रकारच्या मशीनमध्ये दोरा ओढल्यावर बॉबिन घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं फिरायला हवी. उलटी फिरत असली तर काढून पालटा. वरून बॉबिन टाकायच्या नव्या मशीनमध्ये बहुधा याच्या उलट असतं. तिथे झाकणावर बाण काढलेला असतो. दिशेमागचं कारण साधं आहे. योग्य दिशेला दोरा फटीत शिरताना उलटा वळतो आणि पट्टीखाली बसून राहतो. चुकीच्या दिशेला तो सरळ सुटतो आणि पट्टीखालून निसटायला बघतो.

ती पोलादी पट्टी म्हणजे खालच्या दोऱ्याचा ताण. तिच्यावर कणभर स्क्रू असतो. घट्ट झाला की ताण वाढतो. मावशीची तपासणी अशी होती: भरलेली केस दोऱ्यानं धरून हवेत लोंबकळत ठेवायची. ती आपल्या वजनानं सरसर खाली आली तर ताण कमी. हात हलकेच झटकला तरी ढिम्म राहिली तर जास्त. झटक्यासरशी बोटभर उतरून थांबली तर बरोबर. स्क्रू फिरवायचा तर पाव फेऱ्याहूनही कमी, आणि फिरवण्याआधी त्याची खाच कुठे होती ते लक्षात ठेवून. पुष्कळदा स्क्रूला हात लावायची वेळच येत नाही. पट्टीखाली अडकलेली कापसाची किंवा दोऱ्याची पूड काढली की ताण ठिकाणावर येतो.

केस मशीनमध्ये बसवताना तिच्या पाठीवरची छोटी कडी उचलून धरायची, वरचं शिंग वरच्या खाचेत बसवायचं आणि आत दाबून कडी सोडायची. टक असा आवाज आला पाहिजे. आवाज आला नाही तर केस बसली नाही, आणि पहिल्याच टाक्याला सुई तिच्यावर आपटून मोडेल.

राहिलं दोरा वर काढणं. वरच्या दोऱ्याचं टोक डाव्या हातात सैलसं धरा, चाक स्वतःकडे एकच फेरा फिरवा. सुई खाली जाऊन वर येईल. वरचा दोरा हलकेच ओढला की सुई जाते त्या भोकातून खालच्या दोऱ्याचा फासा डोकं वर काढतो. तो ओढून सरळ करा आणि दोन्ही टोकं कापड दाबणाऱ्या पायाखालून मागे टाका. चाक उलटं फिरवलं तर हे सगळं फसतं. चोच फासा उचलतच नाही.

एक चूक मात्र अशी आहे की जवळजवळ सगळेच तिचा दोष भलत्याच जागी शोधतात. कापडाच्या खालच्या बाजूला दोऱ्याचा गुंता झाला, जाळं झालं, की सगळे केस काढतात, बॉबिन परत भरतात, खालचा स्क्रू पिळतात. मावशीचं वाक्य मला अजून ऐकू येतं: “पोरी, गुंता खाली दिसते, पन चुकी वर असते.” खाली फासे लोंबतात याचा अर्थ वरचा दोरा पुरेसा ताठ नाही, बॉबिनभोवती फिरून आलेला फासा त्याला परत वर खेचता येत नाही. बहुतेक वेळा वरचा दोरा टेन्शनच्या चकत्यांमध्ये नीट बसलेलाच नसतो. तो ओवताना पाय वर उचललेला हवा. बहुतेक मशीनवर पाय वर असला की त्या चकत्या उघडतात. उलट, कापडाच्या वरच्या बाजूला खालच्या दोऱ्याचे ठिपके दिसू लागले तर वरचा ताण जास्त आहे किंवा खालचा कमी. वर लाल आणि खाली पांढरा दोरा लावून चिंधीवर वीतभर टीप मारली की दोष कुठे आहे ते रंगच दाखवतो. शिकणाऱ्या प्रत्येक मुलीला मी आधी हे करायला लावते.

साफसफाईबद्दल एकच सांगते. दर काही बॉबिननंतर केस काढून आतली पूड दात घासायच्या जुन्या ब्रशनं काढावी आणि मशीनच्या तेलाचा एक थेंब चोचीच्या वाटेत सोडावा. खोबरेल तेल नको. ते थिजतं, चिकट होतं आणि पुडीला धरून ठेवतं.

आता या गावांत मशीनं खूप आली आहेत. जिल्हा परिषदेच्या महिला व बालकल्याणाच्या योजनेतून, बचत गटाच्या कर्जातून. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत १८ व्यवसायांपैकी एक शिंपीकाम आहे आणि अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत मिळते. त्या योजनेचे अर्ज भरायला बायकांनी सेवा केंद्रांवर रांगा लावल्या होत्या. मशीन घरी येतं. शिवायला शिकवणाऱ्या ताई कटिंग शिकवतात, ब्लाऊजची मापं शिकवतात, कळीचा घागराही शिकवतात. खालच्या दोऱ्याचं मात्र ‘बॉबिन भरून घ्या’ एवढ्या तीन शब्दांत आटोपतं. मग पहिल्याच महिन्यात गुंता होतो, दोनदा सुई मोडते, आणि मशीन झाकण घालून कोपऱ्यात जातं. त्यावर धान्याचा डबा बसतो. असे डबे मी पाहिले आहेत आणि प्रत्येक वेळी जीव हळहळतो.

गेल्या उन्हाळ्यात सुलतानपूरला गेले तेव्हा मावशीच्या शेजारच्या घरातून अशीच एक सून आली. तिचं मशीन कोरं होतं, दोन महिन्यांपासून बंद. मावशीच्या डोळ्यांना आता सुईचं नेढं दिसत नाही, म्हणून ती मला म्हणाली, “तू जा, पाह्य.” गुंता खालीच होता, भरपूर. मी वरचा दोरा काढला, पाय उचलून पुन्हा ओवला. मग बॉबिन काढून दाबली. स्पंजसारखी दबली. ती रिकामी करून सुनेच्या हातात दिली आणि तिलाच भरायला लावली, चकत्यांच्या जोडीतून, सावकाश. तिनं केस बसवली, टक वाजलं. चाक तिनंच फिरवलं. फासा वर आला तेव्हा तिनं तो काडीनं ओढून काढला आणि एका जुन्या परकराच्या तुकड्यावर टीप मारली. मग तुकडा उलटा केला, पुन्हा सुलटा केला, पुन्हा उलटा केला.

“वरची बाजू कोन्ती हाय मावशी?” तिनं विचारलं.